कारभारीण हाक मारण्यापुरतीच?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

यंदाचे 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने 'आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष' म्हणून घोषित केल्यामुळे आमच्या तालुक्यातही कार्यक्रमांना ऊत आला आहे. फेटे बांधले जातात, शाल-श्रीफळ होते, शेतीचा शोध बाईनेच लावला हे वाक्य व्यासपीठावरून न चुकता येते आणि दुसऱ्या दिवशी सत्कारमूर्ती पुन्हा रानात कामाला जातात. या कार्यक्रमांबद्दल माझी तक्रार नाही. मात्र अल्पभूधारक कुटुंबात पीक कोणते घ्यायचे, कर्ज किती काढायचे, जमिनीचा तुकडा विकायचा की राखायचा, हे नवरा-बायको मिळून ठरवतात का, हा प्रश्न मी हजर असलेल्या एकाही कार्यक्रमात निघाला नाही. या प्रश्नाशी माझा नोकरीमुळे 36 वर्षे रोजचा संबंध आला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्यांचा, म्हणजे गावोगावच्या शेतकऱ्यांना पीक कर्ज देणाऱ्या संस्थांचा, गटसचिव होतो. खेड्यातला शेतकरी आपल्या घरचे जेवढे सोयऱ्यांना सांगत नाही, तेवढे गटसचिवाच्या टेबलावरच्या कागदांत आपोआप उघडे पडते. त्या कागदांवरून मला जे दिसले ते असे, की शेतकरी कुटुंबातल्या बाईची सही आयुष्यात ठरावीक प्रसंगीच लागते. पहिली माहेरी, हक्कसोडपत्रावर. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये वारसा कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला, पण भावाचा राग नको आणि माहेरची वाट बंद व्हायला नको म्हणून बहुतेक बहिणी साडीचोळीवर सही करून मोकळ्या होतात. दुसरी सही सासरी, नवऱ्याच्या कर्जाच्या संमतीपत्रावर किंवा जामीनदार म्हणून. तिसरी नवरा गेल्यावर, वारस नोंदीच्या अर्जावर. 2005 च्या दुरुस्तीने लेकीला हक्क मिळाला, सून म्हणून आलेल्या बाईला मात्र नवऱ्याच्या हयातीत सातबाऱ्यावर आपोआप जागा मिळत नाही. तिचे नाव तिथे चढते ते बहुधा कुंकू पुसल्यावर. या तिन्ही प्रसंगी तिची सही लागते, पण एकाही वेळी तिचे मत कोणी विचारत नाही.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही, कारण दुसऱ्या प्रकारच्या शेकडो सह्या मी स्वतः घेतल्या आहेत. चित्र ठरलेले असे. शेतकरी खुर्चीवर, त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी, कडेवर लेकरू. मी कागद पुढे सरकवून फुली मारलेली जागा दाखवायचो, नवरा म्हणायचा, "कर इथं", आणि ती पदर सावरत पुढे येऊन एकेक अक्षर जुळवत सही करायची. रक्कम किती, हप्ते किती, तारण कोणता गट नंबर, हे तिला सांगायला दोन मिनिटे लागली असती. 36 वर्षांत ती दोन मिनिटे मी कधी काढली नाहीत आणि काढायला हवीत असे मला वाटलेही नाही. कागद पूर्ण होता, तपासणीत शेरा येणार नव्हता, तेवढे मला पुरेसे होते.

माझ्या स्वतःच्या घरात हेच घडले तेव्हा डोळे उघडले. लातूर जिल्ह्यात आमची पाच एकर जमीन आहे. 2015 च्या दुष्काळात विहीर आटली आणि अर्धा एकर ऊस वाळू लागला. पुढच्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, यावरून त्या वर्षांची कल्पना यावी. कारभारीण म्हणाली होती, "ऊस मोडा, जनावरांना घाला, वरच्या पट्टीत ज्वारी घेऊ." मी ऐकले नाही. मुदतीचे कर्ज काढले आणि बोअर पाडले. पहिले कोरडे, दुसरे कोरडे, तिसरे 700 फुटांवर गेले तरी वर धुरळाच येत होता. कर्जाच्या कागदावर तिची सही होतीच, कारण घरी जेवताना मी तिच्यापुढे कागद धरला होता आणि खरकट्या हाताचा डाग लागू नये म्हणून तिने हात पुसून सही केली होती. पुढच्या वर्षी हप्ता थकला. नोटीस पोस्टमनने नेमकी तिच्या हातात दिली. सातवीपर्यंत शिकलेली बाई ओसरीवर बसून ती नोटीस दोनदा वाचत होती. मी घरी आल्यावर तिने एवढेच विचारले, "अहो, ह्याच्यावर माझं नाव कसं काय आलं? तेही चुकीचं लिहिलंय." दुसऱ्यांना कर्जाचे नियम समजावून सांगण्यात हयात घालवलेल्या माणसाजवळ त्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

आमची गोष्ट अपवाद नाही, हे आकडेही सांगतात, पण आकडे नीट वाचले तरच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातील 88.7 टक्के विवाहित स्त्रिया घरातल्या निर्णयांत सहभागी असतात असे आढळले. ही टक्केवारी भाषणांत अभिमानाने सांगितली जाते. त्यामागचे प्रश्न मात्र तीनच आहेत. स्वतःच्या दवाखान्याचे कोण ठरवते, घरातल्या मोठ्या खरेदीचे कोण ठरवते आणि माहेरी किंवा नातेवाइकांकडे जाण्याचे कोण ठरवते. पेरणी, पीक कर्ज, माल विकण्याची वेळ, जमिनीचा व्यवहार यांपैकी काहीही त्या तिन्हीत नाही. शेतकरी कुटुंबाचे भाग्य ज्या निर्णयांनी ठरते तेच जर मोजपट्टीबाहेर असतील, तर 88 टक्क्यांवर समाधान कसे मानावे? दुसरीकडे 2023-24 च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी 76.9 टक्के स्त्रिया शेतीत राबतात, आणि 2015-16 च्या कृषी गणनेत वहितीधारक, म्हणजे शेतजमिनीचा कारभार पाहणारे, म्हणून स्त्रियांचे प्रमाण देशात 14 टक्क्यांच्या आसपास आहे. तिफणीमागे सरत्यातून बी सोडत जाणारी बाई, खुरपणी, वेचणी, काढणी, उफणणी करणारी बाई सरकारी दफ्तरात शेतकरी नसते. किसान सन्मान निधीची व्याख्याच नवरा, बायको आणि अल्पवयीन मुले मिळून एक शेतकरी कुटुंब अशी आहे. वर्षाचे 6,000 रुपये ज्याच्या नावावर जमीन त्याच्या खात्यात जातात, संदेशही त्याच्याच फोनवर येतो. हप्ता जमा झाल्याचे बायकोला कित्येकदा शेजारणीकडून कळते.

यावर आमच्या पारावर नेहमी दोन आक्षेप निघतात. पहिला असा, की एका घरात दोन कारभारी झाले तर घर बुडते. असे म्हणणारा माणूस घरी मात्र बायकोला 'कारभारीण' म्हणूनच हाक मारत असतो. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. अल्पभूधारकाच्या हातात ठरवण्यासारखे असतेच काय, असे तो विचारतो. महाराष्ट्रातले सरासरी वहितीक्षेत्र 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आले होते. बियाणे कोणते पेरायचे ते कृषी सेवा केंद्राचा मालक ठरवतो, कारण माल उधारीवर घ्यायचा असतो. भाव बाजार ठरवतो, पाऊस कोणाचेच ऐकत नाही. मग बायकोला विचारून काय होणार? हे खरे आहे आणि पुरुषांच्या बाजूने बोलायचे तर फार खरे आहे, कारण घराबाहेर ज्याचे काही चालत नाही तो घरात आपलेच चालवून घेतो. पण त्याच कारणाने उरलेसुरले जे निर्णय हातात आहेत ते एकट्याने घेणे परवडत नाही. दुकानदाराने लिहिलेली उधारीची चिठ्ठी घरी येऊन दुसऱ्या डोळ्यांखालून गेली, तर तिच्यातली नको असलेली पिकाच्या टॉनिकची बाटली तरी गळते.

कर्जाच्या बाबतीत तर नुकसान रोकडे आहे. 3 लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर केंद्र व राज्य यांच्या व्याज सवलती मिळून शेतकऱ्याला शून्य टक्के व्याज पडते, आणि मुदत चुकली की ही सवलत हातची जाते. माझ्या कारकिर्दीत पाच-दहा हजारांसाठी मुदत चुकवलेले कितीतरी सभासद मी पाहिले, ज्यांच्या घरातली बाई त्याच वेळी बचत गटाची अध्यक्ष किंवा सचिव होती, गटाच्या कर्जाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला भरत होती आणि गरज सांगितली असती तर तेवढी रक्कम गटातून उभी करू शकली असती. तिला नवऱ्याच्या कर्जाची तारीखच ठाऊक नव्हती. दहा जणींचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईला तिच्याच घरचा हिशेब माहीत नसावा, याला काय म्हणावे?

माहिती लपवण्याचा शेवट कुठे होतो हेही आपल्या भागाने पाहिले आहे. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील 505 शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील विधवांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी 40 टक्के स्त्रिया जी जमीन कसत होत्या तिच्यावर त्यांचा हक्क लागलेला नव्हता. अशा काही घरी मी सोसायटीचा माणूस म्हणून गेलो आहे. दहाव्यानंतर कोण कोण पैसे मागायला येणार, याची त्या बाईला कल्पना नसते. सोसायटीचे एवढे, बँकेचे एवढे, हे आम्ही सांगतो, आणि खासगी देणे किती ते ज्याच्या त्याच्या तोंडावर. ती फक्त मान हलवते. खरे किती आणि वाढवून सांगितलेले किती, हे पडताळण्यासाठी तिच्याकडे साधी चिठ्ठीसुद्धा नसते.

या बाबतीत महाराष्ट्राला दुसरीकडून काही उसने आणायची गरज नाही. 1986 च्या नोव्हेंबरमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. पुढे त्याच चळवळीतून 'लक्ष्मी मुक्ती' निघाली. ज्या गावात शंभर किंवा अधिक शेतकरी आपल्या जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करतील, ते गाव लक्ष्मी मुक्तीचे गाव. जळगाव जिल्ह्यातील विटनेरने त्यात पुढाकार घेतला. भीक नको, हवे घामाचे दाम अशी मागणी सरकारकडे करणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या घरातल्या घामाचे दाम आधी द्यावेत, असा तो सरळ हिशेब होता. त्याचा परिणाम म्हणून 1992 मध्ये शासनाने परिपत्रकही काढले, ज्यानुसार पतीने स्वेच्छेने अर्ज दिल्यास त्याच्या हयातीतच पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर घेता येते. गावठाणातल्या घरावर दोघांची नावे लावण्याचे 'घर दोघांचे' अभियानही 2003 मध्ये आले. घराचे काही प्रमाणात झाले, रानाचे राहिले. परिपत्रकाला 34 वर्षे होत आली तरी ते माहीत असलेला शेतकरी शंभरात एखादाच भेटतो.

मराठवाड्यातले अलीकडचे उदाहरण तर माझ्या शेजारच्या गावांतले आहे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर-धाराशिव भागात दुष्काळाच्या वर्षांत बायकांना एक वेगळीच गोष्ट सुचवली. सगळ्या शेताचा कारभार मागू नका, घरातल्यांशी बोलून अर्धा किंवा एक एकर आपल्या ताब्यात घ्या आणि त्यात काय लावायचे ते तुम्ही ठरवा. त्या एकरात बायकांनी कमी पाण्यावरची ज्वारी-बाजरी, मूग, उडीद, तूर, भाजीपाला असे मिश्र पीक घेतले, विकतच्या खतांऐवजी शेणखत-गांडूळखत वापरले आणि आधी घरच्या ताटाचा विचार केला. 2016 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. मला त्यात आवडले ते पुरस्कारापेक्षा त्याचे व्यवहारी वळण. शेजारच्या गावात एकीने मला सांगितले, "मालक आधी बांधावर बसून हसायचे. मग सोयाबीन गेलं आणि माझ्या एकरातल्या उडदावर किराणा चालला. आता स्वतःहून विचारत्यात, औंदा काय लावू." वाटाघाटी एक एकरापासून सुरू झाल्या, म्हणून त्या झाल्या.

एक सावधगिरी इथे नोंदवतो. दोघांनी मिळून ठरवायचे याचा अर्थ बाईच्या डोक्यावर आणखी एक काम टाकणे असा होता कामा नये. काही घरांत मी पाहतो, की बायकोचे खाते, बायकोच्या नावावर ट्रॅक्टर, बायकोच्या नावाने अनुदानाचा अर्ज, आणि थकबाकी झाली की बायकोच्याच नावाची नोटीस. सगळे निर्णय नवऱ्याचेच, फक्त जबाबदारी कागदोपत्री तिची. याला सामायिक कारभार म्हणत नाहीत.

म्हणून माझी सूचना खर्चाची नाही. सहकार खात्याने सोसायट्यांना आणि बँकांना एवढेच बंधन घालावे, की ज्या कर्जाच्या कागदावर पत्नीची सही लागते, त्या कर्जाची रक्कम, परतफेडीची तारीख आणि तारण जमिनीचा गट क्रमांक तिला मराठीतून वाचून दाखवावा, एक प्रत तिच्या हातात द्यावी आणि मुदतीचा संदेश तिच्याही फोनवर जावा. कृषी खात्याने खरिपापूर्वीच्या सभा सकाळी दहाला न घेता बायकांना यायला जमेल अशा वेळी घ्याव्यात. सकाळी दहाला बाई रानात असते आणि सभेला येतात ते रिकामे पुरुष, हे खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आणि 1992 चे परिपत्रक प्रत्येक सज्जाच्या, म्हणजे तलाठी कार्यालयाच्या, फलकावर लावावे. तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले, तरी फलक जुनाच आहे, त्यावर जागा भरपूर आहे.

आमच्या घरी नोटिशीनंतर एक वही आली. ती ओसरीच्या खुंटीला दोरीने टांगलेली असते. अक्षय्य तृतीयेला आम्ही दोघे ती घेऊन बसतो आणि देणे किती, येणे किती, कोणत्या पट्टीत काय, हे लिहून काढतो. अक्षर बहुतेक तिचे, कारण माझे तिला वाचता येत नाही. सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. भांडणे पूर्वीपेक्षा वाढली, कारण आता भांडायला दोघांजवळ आकडे असतात. तिचेही चुकते. 2022 च्या हंगामातले सोयाबीन मी काढल्या काढल्या विकायला निघालो होतो, तिने आदल्या वर्षीचा भाव धरून ते ठेवायला लावले आणि पुढे भाव चढण्याऐवजी उतरत गेला. 14 क्विंटलांवर मार बसला. पण त्या वर्षी घरात कोणी कोणाला टोमणा मारला नाही, कारण वहीत तो निर्णय दोघांच्या नावाने लिहिलेला होता. उसाचे पाचट आता आमच्या रानात दिसत नाही, वरच्या पट्टीत ज्वारी असते.

गेल्या महिन्यात मी 1992 च्या परिपत्रकाचा आधार घेऊन तिचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा अर्ज दिला. कार्यालयातल्या तरुण कर्मचाऱ्याने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिले आणि काळजीच्या स्वरात विचारले, "काका, तब्येत बरी आहे ना?" त्याचा दोष नाही. नवरा धडधाकट असताना बायकोचे नाव चढवायला आलेला माणूस त्याने आधी पाहिलेला नसावा. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरील नोंद बदलण्याची, नोटीस आता लागली आहे आणि हरकतीचे 15 दिवस सुरू आहेत. घरून मला एकच बजावणी आहे, की मंडळ अधिकाऱ्यांची सही होण्यापूर्वी नोंद एकदा नीट वाचून यावी, कारण बँकेच्या नोटिशीत तिच्या नावातले एक अक्षर चुकले होते.

आपला,
एक निवृत्त गटसचिव,
जि. लातूर